दोरीवरची रोपं

हिंजवडीतल्या एका कंपनीच्या सभागृहात, आठेक वर्षांपूर्वी, पडद्यावर एक आलेख आला. डावीकडून उजवीकडे चढत गेलेली निळी रेघ. सुरुवातीला ३८, शेवटी ६१. खाली ठळक अक्षरांत: 'ॲजाइल स्वीकारल्यावर टीमच्या उत्पादकतेत ६० टक्के वाढ'. ॲजाइल म्हणजे वर्षभराचा आराखडा आधी न आखता छोट्या-छोट्या टप्प्यांत सॉफ्टवेअर बनवत जाण्याची पद्धत. टाळ्या पडल्या. क्लायंटकडून आलेल्या दोन पाहुण्यांनी मोबाइलवर फोटो काढले. मीही टाळ्या वाजवत होतो, कारण टीम माझीच होती. त्या ६१ मधले निदान वीस हवेतले आहेत, हे त्या सभागृहात माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

ते वीस कसे आले, सांगतो.

दर दुसऱ्या सोमवारी आम्ही 'प्लॅनिंग पोकर' खेळायचो. एक काम वाचून दाखवायचं, प्रत्येकाने मनातल्या मनात अंदाज बांधायचा आणि सगळ्यांनी एकदम पत्ता उलटायचा: १, २, ३, ५, ८, १३. हे तास नव्हेत आणि दिवसही नव्हेत. हे 'स्टोरी पॉइंट', एक काम दुसऱ्याच्या मानाने किती जड आहे त्याचा ठोकताळा. त्या सोमवारचं काम होतं एका फॉर्ममधल्या ड्रॉपडाउनमध्ये दोन पर्याय वाढवायचं. नव्याने रुजू झालेल्या मुलाने २ चा पत्ता उलटला. बाकी सगळ्यांचे ५. तो बिचारा इकडेतिकडे बघायला लागला. "अरे, टेस्टिंग धर की त्यात," टेस्टर म्हणाली. "रिग्रेशन पण," दुसऱ्याने री ओढली; म्हणजे जुनं काही बिघडलं नाही ना, याची फेरतपासणी. मी स्क्रम मास्टर, म्हणजे टीमच्या या बैठका चालवणारा. मी काहीच बोललो नाही. आदल्याच आठवड्यात डिलिव्हरी मॅनेजरनी सांगितलं होतं की व्हेलॉसिटी दर तिमाहीला दहा टक्क्यांनी वाढली पाहिजे आणि तो आकडा अप्रेझलच्या फॉर्मात जाणार आहे. आठ महिन्यांपूर्वी अगदी असलंच काम आम्ही २ मध्ये केलं होतं. टेस्टिंग तेव्हाही होतंच.

कुणी खोटं बोललं का? पाचजणांपैकी एकानेही नाही. प्रत्येकाने फक्त अंदाज करताना जरा सैल हात सोडला. व्हेलॉसिटी म्हणजे एका स्प्रिंटमध्ये, कामाच्या दोन आठवड्यांच्या एका टप्प्यात, पुऱ्या झालेल्या कामांच्या पॉइंटांची बेरीज. पॉइंट ठरवणार टीम, बेरीज करणार टीम, आणि बेरजेवर पगारवाढ मिळणारही टीमलाच. नोटा छापायचं यंत्र घरात ठेवून घराची श्रीमंती मोजायला सांगितली, तर दुसरं काय होणार?

या गोष्टीत मी खलनायक शोधत नाही. मला प्रश्न पडतो तो त्या स्लाइडचा. पंचवीस वर्षांत जगभर किती सभागृहांत अशी निळी रेघ चढत गेली असेल, आणि तिच्या जोरावर किती कंपन्यांनी, बँकांनी, सरकारी खात्यांनी आपली कामाची पद्धत मुळापासून बदलली असेल? त्या बदलाने नक्की काय झालं, हे कुणी, कशाने, कधी मोजलं?

थोडं मागे जाऊ. २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या युटाह राज्यात, स्नोबर्ड नावाच्या बर्फाळ पर्यटनस्थळी, १७ जण जमले. जाडजूड कागदपत्रं आणि वर्षभर आधी आखलेले आराखडे यांना वैतागलेली ही सगळी अनुभवी मंडळी. त्यांनी एक छोटा जाहीरनामा लिहिला आणि त्यासोबत १२ तत्त्वं. त्यात मोजमापाबद्दल एक स्पष्ट वाक्य आहे: चालणारं सॉफ्टवेअर हेच प्रगतीचं मुख्य माप. आणखी एका तत्त्वात म्हटलंय की पैसे देणारे, बनवणारे आणि वापरणारे या सगळ्यांना अनिश्चित काळ पेलेल अशा एकसारख्या गतीने काम चालावं. पॉइंट, व्हेलॉसिटी, बर्नडाउन (उरलेल्या कामाचा उतरता आलेख) यांतलं काहीच त्या पानावर नाही. ते सगळं आजूबाजूच्या पद्धतींतून आलं आणि घरमालक होऊन बसलं.

पॉइंटांची कुळकथा तर गमतीची आहे. एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या ॲजाइलच्या एका शाखेतले लोक आधी 'आदर्श दिवसां'त अंदाज करायचे: कुणी मध्ये व्यत्यय आणला नाही तर हे काम किती दिवसांत होईल? मग मॅनेजर विचारायचे, एका दिवसाचं काम म्हणालात, तीन दिवस कसे लागले? हा रोजचा वाद टाळायला दिवसाचं नाव पुसून 'पॉइंट' केलं. पॉइंट ही आपण शोधलेली गोष्ट असू शकते असं त्यांच्यातल्याच रॉन जेफ्रीज यांनी नंतर लिहिलं, आणि तसं असेल तर त्याचा आता पश्चात्ताप होतो, असंही. म्हणजे जो आकडा मुळात मॅनेजरच्या डोळ्यांपासून वेळ लपवायला जन्मला, तोच पुढे मॅनेजरच्या डॅशबोर्डवर सगळ्यात वर जाऊन बसला.

मग पॉइंट सोडून दुसऱ्या मापांनी काय दिसतं? इथे थोडं खोलात जायला हवं, कारण 'ॲजाइलवर काहीच पुरावा नाही' असं म्हणणारेही तितकेच घाई करतात.

टोरे डीबो आणि टोर्गेर डिंगसॉयर या नॉर्वेच्या दोन संशोधकांनी २००८ मध्ये तोवर प्रसिद्ध झालेलं ॲजाइलवरचं लिखाण चाळणीत घातलं. जवळपास दोन हजार लेखांतून (नेमके १,९९६) प्रत्यक्ष पाहणीवर आधारलेले आणि निकषांत बसणारे अभ्यास उरले ३६. त्यांतलेही बहुतेक एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगवरचे. हाती आलेला पुरावा त्यांना फारच कमजोर वाटला. पण तोवर कंपन्यांनी वाट पाहणं सोडून दिलं होतं, सर्टिफिकेटांचा बाजार भरात आला होता आणि दोन दिवसांच्या कोर्सनंतर लोक स्क्रम मास्टर होत होते. त्यांतला मीही एक.

सुट्या सवयींबद्दल मात्र चांगले आकडे आहेत. आयबीएमची एक आणि मायक्रोसॉफ्टच्या तीन अशा चार टीमांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. या टीमा आधी चाचणी लिहून मग कोड लिहीत होत्या. तशाच, पण ही पद्धत न वापरणाऱ्या कामांच्या तुलनेत त्यांच्याकडे प्रकाशनापूर्वी सापडलेल्या दोषांची घनता ४० ते ९० टक्क्यांनी कमी निघाली, आणि सुरुवातीच्या कामाला १५ ते ३५ टक्के वेळ जास्त लागला. यातला वेळेचा आकडा व्यवस्थापकांच्या अंदाजावरून आला आहे. दोष मोजले, वेळ आठवला. तरी मला हा अभ्यास आवडतो, कारण त्यात फायद्याशेजारी किंमतही लिहिली आहे. आमच्या स्लाइडवर किंमतीचा रकाना नव्हता.

जोडीने कोड लिहिण्याचंही असंच. १९९९ मध्ये युटाह विद्यापीठात विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला. जोड्यांना एकूण मनुष्यतास सुमारे १५ टक्के जास्त लागले आणि चुका साधारण तितक्याच टक्क्यांनी कमी झाल्या. हा नफा की तोटा, ते चुकीची किंमत काय यावर ठरतं. पगाराच्या सॉफ्टवेअरमधली एक चूक आणि सवलतीच्या जाहिरातीच्या पानातली एक चूक सारखी कशी मोजणार?

इथेच पहिली अडचण दिसते. 'ॲजाइल' ही एक गोळी नाही, तो औषधांचा अख्खा डबा आहे. एक टीम त्यातली चाचण्यांची शिस्त उचलते, दुसरी फक्त सकाळची उभी सभा, तिसरी भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या लावते. तिघीही सर्व्हेत 'आम्ही ॲजाइल आहोत' यावर टिचकी मारतात. मग सर्व्हेचा निकाल येतो, आणि तो सर्व्हे बहुधा ॲजाइलची साधनं विकणाऱ्यानेच घेतलेला असतो. डबा विकणाऱ्याला विचारलं की गुण येतो का, तर तो काय सांगणार?

एका मोठ्या उदाहरणाकडे बघू, कारण ॲजाइलच्या प्रशिक्षणात ते हटकून येतं. अमेरिकेच्या एफबीआयला आपल्या तपासाच्या फायली कागदावरून संगणकावर न्यायच्या होत्या. पहिला प्रयत्न २००५ मध्ये सोडून द्यावा लागला. तोवर सुमारे १७ कोटी डॉलर खर्च झाले होते. मग २००६ मध्ये 'सेंटिनेल' नावाचा नवा प्रकल्प लॉकहीड मार्टिनला दिला. बजेट पुढे ४५ कोटी १० लाख डॉलर झालं, टप्पे चार. २०१० च्या ऑगस्टपर्यंत त्यातले ४० कोटी ५० लाख संपले आणि पुरे झाले होते दोनच टप्पे. तेव्हा एफबीआयने कामाची सूत्रं स्वतःकडे घेतली, कंत्राटदाराची माणसं फार कमी केली, छोटी टीम तळमजल्यात बसवली आणि दोन-दोन आठवड्यांचे स्प्रिंट सुरू केले. २०१२ च्या जुलैमध्ये प्रणाली सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी चालू झाली.

प्रशिक्षणात गोष्ट इथे संपते आणि वर्गात 'व्वा' उमटतो. पण त्या दोन वर्षांत काय काय बदललं बघा. कंत्राटदाराच्या हातून काम घरात आलं. माणसं कमी झाली. निर्णय घेणारा अधिकारी टीमच्या शेजारी येऊन बसला. आधीच्या दोन टप्प्यांत बांधलेला पाया आयता मिळाला. संसदेची आणि लेखापरीक्षकांची नजर रोखलेली होती, दुसऱ्यांदा नाक कापून घ्यायची कुणाचीच तयारी नव्हती. आणि त्यात स्प्रिंटही आले. यातल्या कशामुळे जहाज किनाऱ्याला लागलं? शिवाय स्प्रिंट असूनही सुरुवातीला सांगितलेली मुदत टळलीच. चाचणीत प्रणाली कोसळल्यावर जुनी यंत्रं बदलावी लागली आणि त्यात महिने गेले. माझं मत विचाराल तर छोटी टीम आणि शेजारी बसलेला अधिकारी यांचं श्रेय स्प्रिंटपेक्षा मोठं असावं. पण हे मतच आहे. एकाच वेळी सहा गोष्टी बदलल्यावर एकीच्या नावाने पावती फाडायला पुरावा लागतो, आणि तो तिथे नाही.

उलट बाजूने ब्रिटनचं 'युनिव्हर्सल क्रेडिट'. सहा वेगवेगळे सामाजिक भत्ते एकत्र करणारी योजना, तीही ॲजाइल पद्धतीने करणार असा गाजावाजा होता. २०१३ मध्ये काम थांबवून नव्याने घडी बसवावी लागली. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अहवालात तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने ३ कोटी ४० लाख पाउंडांची प्रणाली बुडीत टाकल्याची नोंद केली. ॲजाइलचे समर्थक लगेच म्हणाले, ते खरं ॲजाइल नव्हतंच. असेलही. पण यश आलं की ते ॲजाइलचं आणि अपयश आलं की ते 'खरं' ॲजाइल नव्हे, असा हिशेब ठेवला तर वहीत तोटा कधी येणारच नाही. आमच्याकडे नवस फेडण्याची पद्धत अशीच आहे. न फळलेल्या नवसाची पाटी कोणत्याच देवळात लावलेली नसते.

आता सॉफ्टवेअर बाजूला ठेवून शेतात जाऊ. माझ्या मते या प्रश्नावर सर्वांत उपयोगी धडा एका मराठी माणसाने सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी देऊन ठेवलाय.

पांडुरंग वासुदेव सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. संख्याशास्त्रज्ञ. चाळीसच्या दशकात भारतीय कृषी संशोधनात काम करताना त्यांच्यापुढे प्रश्न होता की देशात गहू-तांदूळ नक्की किती पिकतो. तोवर गावपातळीवर नजरअंदाजाने पीक किती आणे ते ठरायचं. आपल्याकडे तीच आणेवारी पुढे पैसेवारी झाली. पैसेवारी ५० पैशांच्या खाली गेली की दुष्काळी सवलती, त्यामुळे ती ४९ की ५१ यावर गावोगाव किती जीव अडकलेला असायचा, हे मराठवाड्यातल्या कुणालाही विचारा. सुखात्म्यांचा मार्ग वेगळा: चिठ्ठी टाकावी तसं यदृच्छेने शेत निवडायचं, त्यातही यदृच्छेने एक तुकडा, खुंट ठोकून दोरी बांधायची, आतलं पीक कापायचं, मळायचं, तोलायचं.

यात त्यांनी एक बारीक गोष्ट पकडली. तुकडा लहान घेतला की उत्पन्नाचा आकडा फुगून येतो. कारण साधं. दोरीवर जी रोपं येतात ती आत धरायची की बाहेर? कापणारा माणूस त्यातली बरीच आत धरतो. जाणूनबुजून नव्हे, हाताला तसं वळणच असतं. तुकडा मोठा असेल तर कडेची रोपं एकूणात नगण्य ठरतात. लहान असेल तर तीच आकडा फिरवतात.

ॲजाइलच्या 'पायलट प्रोजेक्ट'ची गोष्ट नेमकी हीच आहे. तीनशे माणसांच्या खात्यातून आठजणांची एक टीम निवडतात. यदृच्छेने? छे. हुशार, उत्साही, इंग्रजी बरं असलेली, क्लायंटशी पटणारी. त्यांना बसायला वेगळी जागा, नवे मॉनिटर, दर शुक्रवारी पिझ्झा. प्रशिक्षक खास त्यांच्यासाठी. त्यांचं सर्व्हर मागणीचं तिकीट इतरांपेक्षा आधी सुटतं, कारण वरून फोन गेलेला असतो. सहा महिन्यांनी त्यांचं काम तोलतात आणि आकडा तीनशेंना लावतात. दोरीवरची सगळी रोपं आत.

आमची टीमसुद्धा पायलटच होती. पिझ्झा चांगला असायचा.

दुसरी अडचण अशी की 'आधी'ची नोंदच नसते. ॲजाइल यायच्या आदल्या वर्षी आमच्याकडे एखादी तक्रार आल्यापासून ती सुटून लोकांपर्यंत पोचायला किती दिवस लागायचे, हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. लिहिलेलं काय होतं? टाइमशीट. त्यात सगळ्यांचे दिवसाचे नऊ तास भरलेले, कारण बिलिंग त्यावर. म्हणजे आलेखातला पहिला बिंदू, तो ३८, तो ॲजाइल सुरू झाल्यानंतरच्या दुसऱ्या स्प्रिंटचा. 'आधी' आणि 'नंतर' अशी तुलना त्यात मुळात नव्हतीच. 'नंतर' आणि 'आणखी नंतर' एवढंच.

आपल्या पुण्या-बंगळुरूच्या धंद्याची एक वेगळी गाठही इथे बसते. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आपण सीएमएम लेव्हल ५ च्या, म्हणजे कामाची प्रक्रिया सर्वांत वरच्या दर्जाची असल्याच्या, पाट्या मिरवायचो. जगातल्या लेव्हल ५ वाल्यांत भारतीय केंद्रांची संख्या डोळ्यांत भरण्यासारखी होती. गिऱ्हाईक सातासमुद्रापार, त्याला आमचं काम दिसत नाही, तेव्हा दाखवायला काहीतरी हवं. ती पाटी जुनी झाली आणि तिच्या जागी व्हेलॉसिटीचा आलेख आला. काम माणसागणिक, महिन्यागणिक विकलं जातं. टीम लवकर आटोपून दोन माणसं मोकळी करू लागली तर बिल कमी होतं. अशा धंद्यात उत्पादकता खरोखर वाढावी असं कुणाला वाटतं, हा प्रश्न पार्किंगमध्ये विचारतात, मीटिंगमध्ये नाही.

आणि तासांचं काय? जाहीरनाम्यातली ती पेलेल अशी गती आठवा. आमची 'सकाळची' उभी सभा रात्री साडेनऊला व्हायची, कारण अमेरिकेत तेव्हा सकाळ. माझी एक सहकारी पोराला झोपवता झोपवता, हेडफोनचं एकच टोक कानात घालून, म्यूटवर हजर असायची. तिचा नंबर आला की कुजबुजत सांगायची: काल हे केलं, आज ते करणार, अडथळा काही नाही. अडथळा मांडीवर झोपलेला असायचा. दीड वर्षात त्या टीममधून चौघं गेली. त्यांच्या जाण्याने गेलेलं ज्ञान, नव्यांना शिकवण्यात गेलेले महिने, हे त्या ६१ मधून कुणी वजा केलं नाही. ॲजाइलचा परिणाम मोजायचा तर हेही परिणामच की. की फक्त वर जाणाऱ्या रेघेला परिणाम म्हणायचं?

यावर आमच्या क्षेत्रातले बरेच जण एक सोयीचं उत्तर देतात: सॉफ्टवेअर ही सर्जनशील गोष्ट आहे, ती मोजता येत नाही, मोजूच नका. आधाराला सॉफ्टवेअरच्या मोजमापावर लिहिणारे टॉम डीमार्को यांचं नाव घेतात. जे मोजता येत नाही त्यावर ताबा ठेवता येत नाही, असं त्यांनी १९८२ मध्ये लिहिलं होतं आणि २००९ मध्ये त्या मताचा बराचसा भाग मागे घेतला. मला हे उत्तर पटत नाही. पैसे दुसऱ्याचे असतात. सरकारी कामात तर ते आपल्या सगळ्यांचे असतात. आपल्याकडे सरकारी निविदांमध्येही आता 'ॲजाइल' हा शब्द शिरलाय. आत मात्र शेकडो पानांच्या ठरीव मागण्या आणि टप्प्यांवर बांधलेली देयकं तशीच. अशा ठिकाणी 'मोजू नका' म्हणायचा अधिकार कुणालाच नाही. एखाद्या दाखल्याची ऑनलाइन सोय झाल्यावर त्याच दाखल्यासाठी सेतू केंद्रावर येणाऱ्यांची रांग किती कमी झाली, अर्ज भरणाऱ्यांतले किती जण अर्ध्यात सोडून गेले, हे मोजायला कुठली कला आड येते? किती मॉड्यूल पूर्ण झाले हा आकडा ठेकेदार देतो. रांगेचा आकडा ठेकेदाराच्या हातात नसतो, म्हणूनच तो हवा.

माझा सगळा आग्रह एवढाच आहे. ज्याचं मोजायचं त्याला जो आकडा बसल्या जागी फुगवता येतो, तो परिणामाचं माप म्हणून चालणार नाही. पॉइंट टीमपुरते ठेवा. पुढच्या दोन आठवड्यांत किती काम घ्यायचं हे ठरवायला ते ठीक आहेत. परिणाम मोजायचा तर टीमच्या बाहेर जाऊन मोजा. निकोल फोर्सग्रेन, जेझ हंबल आणि जीन किम यांनी रूढ केलेली चार मापं बरी आहेत: बदल किती वेळा प्रत्यक्ष वापरात जातो, कोड लिहिल्यापासून तिथे पोचायला किती वेळ लागतो, किती बदल फसतात, फसल्यावर गाडी रुळावर यायला किती वेळ. त्यांचं मूळ काम बरंचसं प्रश्नावल्यांवर उभं आहे, ही त्याची कमजोर बाजू. पण हे चारही आकडे यंत्राच्या नोंदीतून काढता येतात आणि एक ओढून ताणला तर दुसरा बोंब मारतो. अर्थात हेसुद्धा अप्रेझलला बांधले की सडतील. बदलाचे दहा तुकडे करून दहा वेळा पाठवायला कितीसा वेळ लागतो?

पुढच्या एका नोकरीत मी आकडा अप्रेझलपासून लांब ठेवून एक साधी मोजणी केली होती. तीन महिने, प्रत्येक तक्रारीवर दोनच तारखा: ग्राहकाने सांगितलं ती आणि त्याच्या हातात सुधारणा पोचली ती. मध्ये काम कुणाच्या टेबलावर किती दिवस होतं, तेही. निकाल बघून मीच ओशाळलो. बहुतेक तक्रारींत कोड लिहायला-तपासायला दोन-तीन दिवस, आणि बाकीचे दोन-तीन आठवडे काम मंजुरीच्या रांगेत पडून. बदलाला परवानगी देणारी समिती पंधरवड्यातून एकदा बसायची. आम्ही वर्षभर स्प्रिंट तीन आठवड्यांचा असावा की दोनचा, यावर भांडत होतो. तो आकडा मी वर नेला. समिती आठवड्याला बसू लागली, एवढंच झालं. पण रेघ खरोखर खाली आली, आणि त्यात ॲजाइलचा वाटा शून्य होता.

आता या सभागृहात नवा पाहुणा आलाय. निळी रेघ तीच, फक्त खाली ॲजाइलच्या जागी एआय लिहिलेलं असतं. इथे मात्र कुणीतरी सुखात्म्यांच्या वाटेने गेलं. एमईटीआर नावाच्या संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी प्रोग्रॅमरांना त्यांच्याच ओळखीच्या प्रकल्पांतली २४६ कामं दिली, आणि कुठलं काम एआय वापरून करायचं व कुठलं न वापरता, हे यदृच्छेने ठरवलं. आपला वेग २४ टक्क्यांनी वाढेल असं त्यांना आधी वाटत होतं. काम संपल्यावरही ते म्हणाले, २० टक्क्यांनी वाढला. घड्याळाने दाखवलं की एआय वापरलेल्या कामांना १९ टक्के वेळ जास्त लागला. सोळाच माणसं, त्या वेळची साधनं. यावरून एआय निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. पण करणाऱ्याला जे वाटतं आणि घड्याळाला जे दिसतं त्यात ३९ अंकांचं अंतर पडू शकतं, हे त्यातून दिसलं. ॲजाइलबद्दल गेल्या पंचवीस वर्षांत आपण बहुतेक वेळा करणाऱ्यालाच विचारत आलो.

आमच्या आताच्या टीमला पुढच्या तिमाहीत या साधनांची लायसन्सं मिळणार आहेत. पायलट म्हणून कुणाला घ्यायचं, याची यादी मॅनेजरनी मागितली. मी सगळ्यांची नावं चिठ्ठ्यांवर लिहून स्टीलच्या डब्यात टाकली आणि कँटीनच्या मावशींना चार काढायला सांगितल्या. त्यांना वाटलं भिशी आहे. लायसन्स येईपर्यंत सहा आठवडे आहेत. तोवर प्रत्येक तक्रारीच्या दोन तारखा वहीत उतरवतोय. आज सत्तावीस नोंदी झाल्या.